ट्रंकेतला जर्मन

मामांनी पाठवलेला फोटो उघडला तेव्हा मी यू-बानमध्ये, म्हणजे स्टुटगार्टच्या शहरी रेल्वेत होते. संध्याकाळची गर्दी, ओल्या कोटांचा वास, आणि शेजारच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या एक आजीबाई. सवयीनं फोनवर बोट ठेवलं आणि पडदाभर एक काळा क्रॉस उमटला. त्याच्या ऐन मधोमध नाझी स्वस्तिक. आपल्याकडच्या एसटीत कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. स्टुटगार्टमध्ये मी फोन झटक्यात पालथा घातला, पण आजीबाईंनी पाहिलं होतं. बोलल्या काही नाहीत. मांडीवरची पिशवी त्यांनी जराशी आपल्याकडे ओढून घेतली, की मला तसं वाटलं कोण जाणे. पुढच्या स्टेशनला त्या उतरून गेल्या. त्यांना तिथंच उतरायचं असेल. मी भिंतीकडे वळून खालचा मेसेज वाचला. "आबांचं मेडल. खरं हाय का खोटं, जरा इचारून सांग. तू तिथंच असतीस."

तिथंच असतीस! मामांच्या लेखी जर्मनी म्हणजे पेठेतलं एखादं दुकान आणि मी त्याच्या वरच्या माळ्यावर राहते. पण त्या संध्याकाळी मला हसू आलं नाही. त्या बाईंच्या डोळ्यांसमोर मी जी वस्तू लपवली, ती लहानपणी मी ओंजळीत घेऊन पाटावर मांडलेली होती.

आजोळी माजघरात एक हिरवी लोखंडी ट्रंक आहे. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं घातलेला आबांचा पलटणीतला नंबर आता निम्मा उडाला आहे. ही ट्रंक वर्षातून एकदा, खंडेनवमीला उघडायची. कोयते, विळे, मामांचा पान्ह्यांचा सेट, आज्जीची शिलाई मशीन यांच्या रांगेत आबांची मेडलंही पूजेला बसायची. इंग्रज सरकारचे ते पिवळसर तारे, गोल चकत्या, आणि त्यांच्यात हा एकटा काळा. त्याची फीत कधीच हरवली होती. आज्जीनं त्याच्या कडीत लाल करगोट्याचा तुकडा ओवून गाठ मारली होती. आदल्या दिवशी ती सगळी मेडलं चिंचेच्या कोळानं घासायची, राखेनं पुसायची, आणि पूजेच्या वेळी एकेकावर हळदीकुंकवाचं बोट टेकवायची. बाकीच्यांवर ते कुठंही टेकायचं. काळ्यावर मात्र बरोब्बर मधोमध, कारण तिथं स्वस्तिक होतं. तिरकं, कुणीतरी घाईत काढल्यासारखं, पण स्वस्तिकच. "त्यांच्यातबी आसतंय बग," असं ती मोठ्या कौतुकानं सांगायची.

त्या क्रॉसच्या मागच्या बाजूला खालच्या भुजेवर एक साल आहे, १८१३. बाकी सगळं कोरं. या चार आकड्यांवर मामांनी एक अख्खा सिद्धांत उभा केला होता. वस्तू दुसऱ्या बाजीरावाच्या वेळची, कुणीतरी ती विलायतेला नेली, तिथून जर्मनाकडे गेली आणि आबांनी परत आणली. पुढच्या बाजूला १९३९ लिहिलंय त्याचं काय, असं विचारलं की "ते मागनं टाकल्यालं हाय" हे उत्तर ठरलेलं. घरात दुसरी एक कहाणीही होती आणि ती जास्त लाडकी होती. इटलीत लढाई संपता संपता आबांनी एका जखमी जर्मन साहेबाला पाणी पाजलं, तेव्हा त्यानं स्वतःच्या छातीवरचं मेडल काढून आबांच्या हातावर ठेवलं. ही कहाणी मी आज्जीकडून, मामांकडून, मावश्यांकडून ऐकली. आबांच्या तोंडून कधीच नाही. आबा इटलीबद्दल बोलायचे ते थंडीबद्दल, चिखलाबद्दल आणि खेचरांबद्दल. संध्याकाळी वासराला दावणीला बांधताना ते त्याला "बोना सेरा", म्हणजे शुभ संध्याकाळ, म्हणायचे. त्यांच्या तोंडची इटली एवढीच.

आता हा प्रश्न उपटला तो मामेभाऊ बंटीमुळे. त्यानं मुंबईत जुन्या वस्तूंच्या एका दुकानात फोटो दाखवला आणि दुकानदारानं वर न बघताच "डुप्लिकेट" म्हणून सांगितलं. घराला ते झोंबलं. पैशाचं कुणाला काही नव्हतं. मेडल विकायचं हे कुणाच्या मनातही नव्हतं. पण मेडल खोटं तर आबाही खोटे, असा काहीतरी हिशेब सगळ्यांच्या डोक्यात झाला असावा. मामीनं तर त्या दुकानदाराच्या खानदानाचा उद्धार केला.

शनिवारी स्टुटगार्टच्या कार्ल्सप्लात्झवर जुना बाजार भरतो. चांदीचे चमचे, फुटक्या काचेची झुंबरं, कुणाच्या तरी लग्नाचे अल्बम, पितळी दिवे. चौकाच्या मधोमध घोड्यावर सम्राट पहिला विल्हेल्म. आमच्या ट्रंकेतल्या क्रॉसशी या घोडेस्वाराचं जुनं नातं आहे. सोळा वर्षांचा राजपुत्र असताना, १८१४ साली, नेपोलियनविरुद्धच्या लढाईत त्याला आयर्न क्रॉस, म्हणजे हेच लोखंडी क्रॉसाचं युद्धपदक, मिळाला. आणि १८७० साली फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर, राजा म्हणून, त्यानंच तो पुन्हा सुरू केला. चौकाला लागूनच हॉटेल सिल्बर नावाची इमारत आहे. मूळची हॉटेलच, पण नाझी काळात तिथं गेस्टापोचं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचं, कार्यालय होतं. २०१८ सालापासून ते स्मृतिस्थळ आणि संग्रहालय आहे. म्हणजे पुतळा, यातनाघर आणि लष्करी पदकांची टेबलं, सगळं दोन मिनिटांच्या अंतरात. तिथले लोक सवयीनं त्यातून वाट काढतात. मला अजून ती सवय झालेली नाही.

मेडलांच्या एका टेबलामागे लोकरी टोपी घातलेले एक म्हातारेबुवा बसतात. १९३९ च्या क्रॉसवरच्या प्रत्येक स्वस्तिकावर त्यांनी किमतीचं गोल स्टिकर चिकटवलेलं असतं. असली वस्तू घरात ठेवणं हा इथं गुन्हा नाही, पण चिन्ह चारचौघांत मिरवलं तर कायद्याचं कलम लागतं. संशोधनाला, शिक्षणाला सूट आहे, बाजारातल्या टेबलाला ती गृहीत धरता येत नाही. मी तळहाताचा आडोसा करून त्यांना फोटो दाखवला आणि सांगायला लागले, "माझे आजोबा इटलीमध्ये..." त्यांनी हात वर केला. गोष्ट नको. त्यांच्या धंद्यात पहिला धडाच तो असतो म्हणे, वस्तू विकत घ्यायची, गोष्ट नाही. गोष्ट सगळ्यांकडे असते आणि फुकट असते. फोटोवरून सांगणंही त्यांनी साफ नाकारलं. मग माझा चेहरा बघून की गिऱ्हाईक नव्हतं म्हणून, त्यांनी टेबलाखालून दोन क्रॉस काढले. दोन्ही पहिल्या महायुद्धातले, १९१४ सालचे, डब्ल्यू अक्षर आणि मुकुट असलेले. सोबत दहापट दाखवणारं भिंग दिलं. एक खरा, एक खोटा. सांग कुठला.

माझं पोट मोजमापावरच चालतं. कारखान्यात ओतीव भागांची तपासणी करणाऱ्या विभागात मी आहे, भिंग हातात आलं की मला जरा बरं वाटतं. शिवाय हे काम मी समजले होते त्याहून जास्त माझ्या ओळखीचं निघालं. आयर्न क्रॉस एका तुकड्याचा नसतो. आत लोखंडाचा काळा केलेला गाभा, आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चांदीच्या किंवा चांदीसारख्या मिश्रधातूच्या दोन चौकटी, कडेला एकमेकींशी डाख लावून जोडलेल्या. करंजीच्या दोन पाऱ्या जुळाव्यात तशी ती कड असते. नीट घासून घेतलेली, तरी भिंगाखाली सांध्याची बारीक रेघ सापडतेच. चौकटीच्या आतल्या बाजूनं मण्यांची ओळ असते. खऱ्यात एकेक मणी सुटा, टोकदार, आणि कोपऱ्यात जिथं दोन ओळी भेटतात तिथं एक स्वच्छ तिरकी घडी. गाभा आणि चौकट यांच्यात केसाएवढी फट, आणि त्या फटीत शंभर वर्षांचा मळ. खोटा क्रॉस बहुतेकदा एकाच साच्यातून ओतलेला असतो. त्याचे मणी ओघळल्यासारखे, दोन मण्यांमधली दरी भरून आलेली, आणि सपाट जागी बारीक खड्डे. ओतकामात हवा अडकली की पडतात तसे. मी खोटा बरोबर ओळखला. म्हातारेबुवांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. हा तर पोरखेळ होता, असं म्हणून त्यांनी तिसरा काढला.

तिसऱ्यानं मात्र मला घाम फोडला. तीन तुकडे, सांधा, फट, लोखंडी गाभा, सगळं जागच्या जागी, आणि तरी तो खोटा. अलीकडे ठशांनी ठोकून, रीतसर जोडून केलेले नग येतात. व्हिनेगर, मीठ, ओली माती वापरून त्यांना म्हातारपण आणलं जातं. ते पकडायचे कुठे? तर गंजाच्या शिस्तीत. लोखंड आतून गंजतं आणि रंगाला खालून फुगवून वर येतं. लावलेला गंज रंगाच्या वर बसलेला असतो. तसंच झिजेचं. खरी वस्तू जिथं हात लागतो, कापड घासतं तिथंच झिजते, उगाच सगळीकडे सारखी नाही. नक्कल करणाऱ्याला मात्र कुठलाच कोपरा विसरायचा नसतो, त्यामुळे त्याची झीज सगळीकडे प्रामाणिकपणे वाटलेली असते. हे ऐकताना मला त्या अज्ञात कारागिराचं थोडं कौतुकच वाटलं. दुसऱ्याच्या आयुष्याची झीज कल्पनेनं घडवायची म्हणजे केवढं काम!

चुंबकाच्या भरवशावर राहू नका, हेही त्यांनीच सांगितलं. चुंबक चिकटलं म्हणजे खरं, असं नवखे धरून चालतात. पण नकलेत लोखंड घालायला काय जातं, आणि उलट पितळी गाभ्याचे, चुंबकाला दाद न देणारे काही नग अस्सल आहेत. अतिनील टॉर्चचंही तेच. नव्या धाग्यांत आणि धुण्याच्या पावडरीत चकाकीचं रसायन असतं, त्यानं फीत निळसर पांढरी पेटते, म्हणून नवी फीत पकडता येते. पण एखाद्या विधवेनं नवऱ्याची जुनी फीत प्रेमानं वॉशिंग पावडरमध्ये धुतली असेल तर ती अस्सल फीतही पेटते. आणि मेडलांपेक्षा जास्त बनावट कागद फिरतात. जुना टाइपरायटर, जुना कोरा कागद, एक रबरी शिक्का, झालं काम. अस्सल क्रॉसला खोटं प्रमाणपत्र जोडलं की किंमत कितीतरी पटीनं वाढते.

बरं, खऱ्यातही प्रकार आहेत. सरकारनं समारंभात दिलेला तो खरा. दिलेला हरवू नये म्हणून शिपायानं स्वतःच्या पैशानं सोनाराकडून करवून घेतलेला दुसरा, तोही खरा. युद्धानंतर १९५७ साली पश्चिम जर्मनीत कायदा झाला. जुनी पदकं लावायला परवानगी मिळाली, पण स्वस्तिक काढून. त्याजागी ओकची पानं घातलेले नवे क्रॉस निघाले, ते म्हाताऱ्या सैनिकांनी विकत घेऊन लावले. तेही खरेच म्हणायचे. शिवाय काही कारखान्यांत जुने ठसे युद्धानंतरही शिल्लक होते, आणि त्यांतून काढलेला नग कुठल्या सालचा हे ठरवताना भलेभले संग्राहक हमरीतुमरीवर येतात. मुंबईच्या दुकानदाराचा तो एकशब्दी निकाल इथं कुणाच्या तोंडून ऐकायला मिळाला नसता.

हे सगळं डोक्यात घेऊन मी वाचत सुटले. १८१३ चा उलगडा पहिल्याच दिवशी झाला आणि बिचारा बाजीराव बाद झाला. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्हेल्म यानं नेपोलियनविरुद्ध लढणाऱ्यांसाठी हे पदक काढलं ते १८१३ साली. तारीख धरली १० मार्च, वारलेल्या राणी लुइझचा वाढदिवस. आराखडा पक्का केला तो शिंकेल या वास्तुकारानं, ज्याच्या इमारती आजही बर्लिनमध्ये दिमाखात उभ्या आहेत. पदक लोखंडाचं, कारण तिजोरीत खडखडाट. त्याच काळात प्रशियातल्या बायकांनी अंगावरचं सोनं युद्धासाठी उतरवून दिलं आणि बदल्यात लोखंडाचे दागिने घातले. आणखी एक गोष्ट त्या काळाच्या मानानं नवी होती. शिपाई असो की सेनापती, पदक तेच. पुढं १८७०, १९१४ आणि १९३९ साली ते पुन्हा सुरू झालं, खालच्या भुजेवरचं साल बदलत गेलं, मूळ १८१३ तेवढं मागं राहिलं. पहिल्या महायुद्धात दुसऱ्या वर्गाचे सुमारे ५० लाख क्रॉस वाटले गेले. ५० लाख! त्यांतले किती शौर्याचे आणि किती हजेरीचे, हे कुठल्या भिंगानं बघायचं?

आणि नाव कुठंच नाही. आपल्याकडच्या गावांतून पहिल्या महायुद्धाची इंग्रजी पदकं निघतात, त्यांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं ठोकलेलं असतं. रायगडातल्या, साताऱ्यातल्या कुणा साध्या शेतकऱ्याच्या पोराचं नाव रोमन लिपीत, स्पेलिंगची वाट लागलेलं, पण आहे. आयर्न क्रॉसवर मिळवणाऱ्याचं नाव नाही. कडीवर असलाच तर एक बारीक आकडा, तोही कारखान्याचा. कुणी बनवलं ते कळतं, कुणी कमावलं ते कळत नाही.

वाचताना आणखी एक नियम सापडला आणि मी खुर्चीत मागे टेकले. दुसऱ्या वर्गाचा क्रॉस अख्खा असा छातीवर लावायचा तो फक्त मिळाल्याच्या दिवशी. दुसऱ्या दिवसापासून नुसती फीत, कोटाच्या दुसऱ्या काजात तिरकी शिवलेली. क्रॉस मग पेटीत, खिशात, नाहीतर घरी आईकडे. छातीवर कायम टोचलेला असायचा तो पहिल्या वर्गाचा, त्याला मागे पिन असते. आमच्या मेडलाला कडी आहे. म्हणजे तो जर्मन साहेब, त्याला आबांनी पाजलेलं पाणी, आणि छातीवरून मेडल काढणारा त्याचा तो थरथरता हात... हे सगळं एका कडीवरून निखळलं. मामांना हे फोनवर सांगायचं नाही, एवढं मी लगेच ठरवलं.

दिवाळीला गेले तेव्हा बॅगेत भिंग, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर आणि नोटा तपासायची छोटी अतिनील टॉर्च होती. काटा गावातल्या सोनाराकडून आणला. सोनार काट्यासोबत स्वतःही आला. माजघरात सतरंजी अंथरली, ट्रंक उघडली, डांबरगोळ्यांचा भपकारा आला. मामा, मामी, बंटी, सोनार, शेजारची दोन पोरं, सगळे गोल करून बसले. मी आडवं माप घेतलं, ४४ मिलिमीटर, हवं तेवढं. वजनही पटण्यासारखं. चुंबक चिकटलं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यात काही सिद्ध झालं नाही, हे मी गिळून टाकलं. मग भिंग लावलं. सांध्याची रेघ होती. कोपऱ्यातल्या तिरक्या घड्या होत्या. फुगून वर आलेला गंज होता, रंगाच्या खालून. कडीवर, करगोट्याची गाठ सरकवल्यावर, एक ४ दिसला. हा आकडा ल्युडेनशाइड गावच्या श्टाइनहाउअर उंट ल्युक या कारखान्याचा. तो कारखाना युद्धात बुडाला नाही. आजच्या जर्मनीचं सर्वोच्च नागरी पदक, बुंडेसफेर्डीन्स्टक्रॉइत्स, त्याच कारखान्यानं घडवलेलं आहे.

झीज मात्र विचित्र होती. चौकटीचे कोपरे, जे कापडाला घासून आधी गुळगुळीत व्हायला हवेत, ते जवळजवळ कोरे. एक दिवस लावून ठेवून दिलेल्या क्रॉसचे असावेत तसेच. आणि मधलं स्वस्तिक, जे काळं असायला हवं, त्याचा माथा पार उघडा पडलेला, खालचं लोखंड राखाडी चमकणारं. कुठल्याही युरोपीय खिशात, पेटीत, गणवेशावर अशी झीज होणार नाही. बाजारातल्या म्हातारेबुवांना दाखवलं असतं तर ते कोड्यात पडले असते. मी पडले नाही. तिथं दर नवमीला आज्जीचं बोट टेकायचं. चिंच, राख, बोट. पुढं मामीनं चिंचेऐवजी पितांबरी आणली, पण बोटाची जागा तीच ठेवली.

"दिवा बंद कर रे," मी बंटीला म्हटलं आणि टॉर्च लावली.

अंधारात करगोट्याचा दोरा निळसर पेटला, त्याची मला अपेक्षा होती. पण क्रॉसही पेटला. मण्यांच्या ओळीतून, गाभ्याच्या फटीतून, १९३९ मधल्या दोन्ही नवांच्या पोटातून हिरवट पिवळा उजेड आला. सोनार "आरारा" म्हणाला. मला क्षणभर वाटलं, गेलं, कुठलातरी आधुनिक चिकट पदार्थ, नकली वस्तू. मग मी भिंगाच्या कडेनं टाचणी घालून तो मळ थोडा उकरला, बोटावर घेतला. हळद होती. हळदीतलं कुर्क्युमिन अतिनील प्रकाशात असंच उजळतं; प्रयोगशाळेत आम्हीही असली चमकणारी द्रव्यं भेगा शोधायला वापरतो. ट्रंकेच्या अंधारात ऊन न लागल्यामुळे ती टिकली होती. बाकीच्या मेडलांवर टॉर्च फिरवली तर इंग्रजांचे तारेही ठिकठिकाणी पेटले. मामी हसत सुटली. "धुऊन काडायचं व्हतं का मी?"

खरं आहे, मी सांगितलं. दिवा लागला. मामांनी मांडीवर थाप मारली आणि बंटीनं त्या दुकानदाराला तिथल्या तिथं व्हॉट्सअॅप करायला घेतलं. किंमत विचारलीच सोनारानं. चांगल्या स्थितीतल्या अशा क्रॉसला शंभर-दीडशे युरोंच्या आसपास मिळतात, याला निम्मेही नाहीत, कारण घासलेला आहे. संग्राहक घासलेल्या वस्तूला हात लावत नाहीत. मामीला ते अजिबात पटलं नाही. घासायचं नाही तर मग पूजेला मांडायचं कसं?

आणि इथं मला ते सांगावंच लागलं, जे मी यू-बानपासून बाळगून होते. त्या चिन्हाखाली काय झालं ते. मी राहते त्या गल्लीत पदपथावर पितळी दगड आहेत, दहा सेंटिमीटर चौरस, श्टोलपरश्टाइन. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकारानं सुरू केलेले. एकेकावर एकेक नाव, जन्मसाल, कुठं नेलं, कुठं मारलं. नोव्हेंबरात शेजारीपाजारी गुडघ्यावर बसून ते फडक्यानं लख्ख करतात, मीही एका वर्षी केलेत. ज्या राजवटीनं त्या लोकांना घरातून नेलं तिचा शिक्का आमच्या देवघरासमोरच्या पाटावर आज्जीनं इतकी वर्षं हळदीनं माखला. तिला माहीत नव्हतं. तिचं स्वस्तिक तुळशीवृंदावनावरचं, तांदळातलं, वहीच्या पहिल्या पानावरचं. त्यात तिचा काही दोष नाही हे मला कळतं, आणि तरी अंगावर जो काटा येतो तो येतोच. आज्जीचं बोट आठवतं, त्या यू-बानमधल्या बाईंची पिशवी आठवते, आणि दोन्ही एकमेकींना खोडत नाहीत. मामांना मी म्हटलं, आबा याच लोकांशी लढायला गेले होते. मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीतच पडले, नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर जखमी सोबत्यांना पाठीवर घालून आणलं; दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. इटलीतल्या मोन्तोने गावानं २०२३ साली घाडग्यांच्या नावानं सूर्यघड्याळ उभारलं. आणि आपण नवमीला मांडतो कुणाचं? मामा बराच वेळ गप्प होते. मामीनंच विचारलं, "मंग फुडल्या नवमीला मांडायचं का न्हाई?"

मला उत्तर नव्हतं. मामांना होतं. "उलटं ठिवायचं. अठराशे तेरा वर करायचं." बाजीराव नव्हे तर नेपोलियन, हे मी त्यांना समजावलेलं असूनही त्या सालावरचा त्यांचा जीव तसूभर कमी झालेला नव्हता. मला मात्र ही तोड फार शहाणपणाची वाटली, अजूनही वाटते.

राहता राहिला जर्मन साहेब. जेवणं झाल्यावर ओसरीवर मी कडीचा आणि पिनेचा फरक सांगितला. दुसऱ्या वर्गाचा क्रॉस रोज छातीवर नसायचा, त्यामुळे छातीवरून काढून दिला हे काही जुळत नाही. मेलेल्याच्या खिशातला असेल, कैद्यानं सिगरेटींच्या बदल्यात दिला असेल, रस्त्यात पडलेला सापडला असेल; त्या दिवसांत सगळीकडच्या फौजा अशा वस्तू आठवण म्हणून उचलत होत्या. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं, सुपारी कातरली. "मंग खिशातनं काडून दिलं आसंल. खिसाबी छातीवरच आस्तोय की." यावर कुणाचं काय चालणार? आणि खरं सांगायचं तर मलाही आत कुठंतरी बरं वाटलं. टेबलामागच्या म्हातारेबुवांना गोष्ट नको असते, कारण त्यांना वस्तू विकायची असते. आम्हाला विकायची नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी मी एका कोऱ्या कागदावर नोंद लिहिली, पुढं कुणाच्या हाती ट्रंक लागली तर असावी म्हणून. आयर्न क्रॉस, दुसरा वर्ग, १९३९ चा नमुना. लोखंडी गाभा, तीन तुकड्यांचा. कारखाना क्रमांक ४, ल्युडेनशाइड. मूळ फीत नाही, दोरा घरचा. फटींमधला पिवळा मळ हळदीचा आहे, धुऊ नये. मूळ कुणाला मिळाला, माहीत नाही. आबांकडे कसा आला, नोंद नाही. मामांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, पेन मागितलं, आणि शेवटच्या ओळीखाली आपल्या गोटीदार अक्षरात लिहिलं, "जर्मन साहेबाने आबांस स्वखुशीने दिले." सही केली, तारीख घातली. मग आत जाऊन गावच्या सोसायटीचा शिक्का घेऊन आले; चेअरमन होते तेव्हापासून तो घरातच आहे. शाईचं पॅड वाळलेलं होतं, त्यावर त्यांनी तोंडानं वाफ सोडली. पहिला शिक्का अर्धाच उमटला, म्हणून शेजारी आणखी एक मारला.